कुत्र्याचा बारीकसा ओरखडा: लस घ्यायची की सोडून द्यायचं?

२०२५च्या फेब्रुवारीत मोरोक्कोला सुट्टीसाठी गेलेल्या एका ब्रिटिश बाईंना रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पिल्लानं जरासं बोचकारलं. ओरखडा इतका किरकोळ होता की त्यावर काही करायला हवं असं त्यांना वाटलंच नाही. तीन-साडेतीन महिन्यांनी डोकं दुखायला लागलं. मग चालता येईना, बोलता येईना, झोप लागेना, गिळता येईना. पंधरवड्यात, जूनमध्ये, त्या गेल्या. निदान होतं रेबीज.

ही बातमी जगभर फिरली आणि एक जुनाच प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला: नुसतं नख लागलं तरी लस घ्यायची का? ऐकायला मिळणारी उत्तरं दोन टोकांची असतात. एक जण म्हणतो, 'रक्त नाही ना आलं, मग सोड.' दुसरा म्हणतो, 'कुत्र्यानं नुसतं हुंगलं तरी इंजेक्शन घे.' पहिल्याचं ऐकलं तर जिवावर बेतू शकतं. दुसऱ्याचं ऐकून माणसं विनाकारण महिनोन् महिने धास्तावलेली राहतात. विषाणू अंगात शिरतो कुठून आणि पुढे जातो कसा, एवढं नीट समजलं की कधी धावायचं आणि कधी निवांत बसायचं हे कुणालाही ठरवता येतं.

## शिरतो कुठून, जातो कुठे

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो. रक्त, लघवी, विष्ठा यांतून तो पसरत नाही. धडधाकट कातडी त्याला ओलांडता येत नाही. आत यायला त्याला वाट लागते. चावा, ओरखडा, आधीची एखादी उघडी जखम, नाहीतर डोळे, नाक, तोंड यांच्या आतलं ओलं अस्तर, यांपैकी काहीतरी.

आत आल्यावर तो रक्तातून अंगभर पसरत नाही. जखमेपाशी स्नायूंमध्ये काही काळ रेंगाळतो, तिथे वाढतो, आणि मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो. तिथून तंतूच्या आतल्या आत मज्जारज्जूकडे आणि मज्जारज्जूतून मेंदूकडे. हा प्रवास संथ असतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. म्हणून प्राणी चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा दोन ते तीन महिने जातात. कधी आठवडाभरातही दिसतात, कधी वर्षही लागतं. जखम चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर मेंदू जवळ पडतो. बोटांच्या टोकांत मज्जातंतूंचं जाळं दाट असतं. म्हणून अशा जागच्या जखमांना डॉक्टर जास्त घाबरतात.

या मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. जखम भरलेली असते, खपली पडून गेलेली असते, कधीकधी तर ती घटनाही विसरलेली असते. विषाणू मज्जातंतूच्या आत दडलेला असल्यामुळे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याचा सुगावा लागत नाही. आपल्याला लस घेऊन वाचायला वेळ मिळतो तो नेमका याच काळात.

मेंदूपर्यंत पोचल्यावर मात्र वेळ संपते. आधी ताप, डोकेदुखी, आणि जुन्या जखमेच्या जागी मुंग्या किंवा खाज. मग पाणी गिळताना घशाचे स्नायू इतक्या जोरात आवळतात की पाण्याचा पेला समोर आला तरी माणूस कासावीस होतो. वाऱ्याच्या झुळकेनंही तसाच झटका येतो. साधारण पाचातल्या एका रुग्णात हे काहीच दिसत नाही, नुसते हातपाय लुळे पडत जातात आणि निदान चुकतं. लक्षणं सुरू झाल्यावर या आजारावर खात्रीचा उपचार नाही. २००४ साली अमेरिकेत एका मुलीला कृत्रिम बेशुद्धीत ठेवून वाचवता आलं होतं. तीच पद्धत नंतर अनेक रुग्णांवर वापरून पाहिली, पण बहुतेक वेळा अपयशच आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात. त्यांतली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतली, आणि सुमारे ९९ टक्के वेळा विषाणू आलेला असतो कुत्र्याकडून.

## नखाला लाळ कुठून लागली?

ही शंका रास्त आहे. विषाणू लाळेत असतो, नखात नाही. पण कुत्रा पंजे चाटतो. मांजर तर दिवसभर चाटत असते. शिवाय कुत्रा अंगावर येतो तेव्हा नख लागलं की दात घासून गेला हे त्या दोन सेकंदांत कुणालाच नीट कळत नाही. पोटरीवरची लालसर रेघ नखाची असेल, दाताचीही असेल. आणि नखानंच खरचटलेल्या जागेवर त्याच झटापटीत तोंडातली लाळ पडली, तर विषाणू आणि त्याला हवी ती वाट, दोन्ही एका जागी आले.

तरीही चावा आणि ओरखडा यांत फरक आहेच, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. वैद्यकीय साहित्यात दिलेला अंदाज असा आहे: प्राणी खरोखर पिसाळलेला असेल आणि काहीच उपचार केले नाहीत, तर चाव्यातून आजार होण्याची शक्यता जखमेची जागा आणि खोली यांनुसार ५ ते ८० टक्के, ओरखड्यातून किंवा जखमेवर चाटण्यातून ०.१ ते १ टक्का. म्हणजे ओरखड्याचा धोका पुष्कळ कमी आहे. आणि प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, हे धरलं तर तो आणखी खाली येतो.

मग लसीचा आग्रह कशाला? इथे आकड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघावं लागतं. हजारात एक ही शक्यता सर्दी-तापाची असती तर सोडून दिली असती. या हजारातल्या एकाला परतीचा रस्ता नसतो, आणि तो रस्ता खुला ठेवणारी लस सुरक्षित आहे, दंडावर दुखण्यापलीकडे किंवा एखाद्या दिवसाच्या कणकणीपलीकडे तिचा सहसा त्रास होत नाही. म्हणून कुत्र्यांमध्ये रेबीज असलेल्या भागात राहत असाल आणि कातडी खरचटली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: लस त्याच दिवशी सुरू करा. कुत्रा कुणाचा, त्याला काय झालं होतं, याचा शोध नंतर घेता येतो.

## डॉक्टर तीन वर्ग करतात ते असे

जखम किती मोठी आहे यापेक्षा लाळेला आत जायची वाट मिळाली का, यावर जागतिक आरोग्य संघटनेनं तीन वर्ग पाडले आहेत. जगभरचे डॉक्टर त्यांनाच कॅटेगरी एक, दोन, तीन म्हणतात.

कॅटेगरी एक म्हणजे कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, किंवा त्यानं धड कातडीवर चाटलं. याला संपर्कच धरत नाहीत. हात धुवा, लस नको.

कॅटेगरी दोन म्हणजे उघड्या कातडीवर दात हलकेच लागले, किंवा रक्त न येता नुसतं खरचटलं. जखम धुणं आणि लस, दोन्ही लगेच. आपला 'किरकोळ ओरखडा' बहुतेक वेळा इथे बसतो.

कॅटेगरी तीन म्हणजे कातडी भेदून आत गेलेला चावा किंवा ओरखडा, मग तो एकच का असेना; आधीच्या जखमेवर चाटणं; डोळ्यात, तोंडात लाळ जाणं. वटवाघळाशी थेट संपर्क आला तर तोही यातच. इथे जखम धुणं, लस आणि शिवाय तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला नेमकं पकडून निकामी करणारी प्रथिनं, द्यावी लागतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

दोन आणि तीन यांतली सीमारेषा रक्ताची आहे, आणि तिथेच माणसं चुकतात. ओरखड्यावर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात, आपण ते पुसतो आणि विसरतो. डॉक्टरकडे गेल्यावर 'रक्त नव्हतं आलं' असं सांगतो. उजेडात नीट पाहा. सुरुवातीला ठिपके आले असतील तर ते रक्तच, आणि डॉक्टरला तसंच सांगा. कातडी फाटली की नाही याची खात्रीच होत नसेल, तर त्यावर स्पिरिटचा बोळा लावल्यास चुरचुरतं का हे काही डॉक्टर पाहतात. चुरचुरलं तर वरचा थर गेलेला आहे. पण चुरचुरलं नाही म्हणून घरच्या घरी निकाल लावून मोकळं होऊ नका. ज्यांची प्रतिकारशक्ती आजारानं किंवा औषधांनी कमी झालेली आहे, त्यांना कॅटेगरी दोनमध्येही प्रतिपिंडं द्यायची शिफारस आहे, तेव्हा चालू असलेली औषधं डॉक्टरच्या कानावर घाला.

## दवाखान्याआधी नळ

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हाताशी असलेला आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपचार म्हणजे साबण-पाणी. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं एक आवरण असतं. साबण ते आवरण मोडतो आणि आवरण गेलं की विषाणू निकामी होतो. शिवाय वाहत्या पाण्यानं तो जागेवरून वाहूनही जातो. मज्जातंतूत शिरण्याआधी त्याला गाठायची ही पहिली संधी.

धुवायचं ते १५ मिनिटं. ही १५ मिनिटं घड्याळ लावून धरा, कारण अंदाजानं धुतलं तर माणूस दोन मिनिटांत थांबतो. नळ सुरू ठेवायचा, साबणाचा फेस करायचा, धुवायचं, पुन्हा साबण लावायचा. खसाखसा घासायचं नाही, त्यानं कातडी आणखी सोलवटते. मग पोव्हिडोन आयोडीन असेल तर ते लावा. तिखट, चुना, तेल, झाडपाल्याचा लेप यांतलं काहीही लावू नका; त्यानं जखम चिघळते आणि जे आत ढकलायचं नाही तेच आत ढकललं जातं. पट्टी घट्ट बांधू नका. मोठी जखम असली तरी टाके घालायची घाई डॉक्टर करत नाहीत, त्यामागचं कारणही हेच. घालावेच लागले तर आधी प्रतिपिंडं भरून मग सैलसर घालतात.

तास-दोन तास उलटून गेले असले तरी धुवा. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तरी धुवा.

धुणं म्हणजे लसीला पर्याय मात्र नव्हे. 'मी चांगलं डेटॉलनं धुतलंय, आता काय गरज?' हे वाक्य फार ऐकू येतं. धुतल्यानं विषाणूंची संख्या खूप घटते, पण शून्यावर आली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

## लस आणि तयार प्रतिपिंडं

लशीत मारलेला विषाणू असतो. तो आजार करू शकत नाही, पण त्याला पाहून शरीर त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकतं. हे शिकायला सात ते दहा दिवस, कधी थोडे जास्त लागतात. किरकोळ ओरखड्यात विषाणू शिरलाच असेल तर तो थोडा असतो आणि संथ असतो, त्यामुळे लस वेळेवर सुरू झाली तर शरीर त्याच्या आधी तयार होतं.

खोल जखमेत, चेहऱ्यावरच्या चाव्यात किंवा बोटाच्या चाव्यात तेवढी सवड मिळेल याचा भरवसा नसतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत काय प्यायचं? तोवर टँकर मागवावा लागतो. लस म्हणजे आपली विहीर, आणि इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन म्हणजे टँकर. त्यात दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं असतात. हल्ली प्रयोगशाळेत बनवलेली, मोनोक्लोनल म्हटली जाणारी प्रतिपिंडंही मिळतात. टँकर आला म्हणून विहीर खणायचं थांबवत नाहीत, कारण टँकरचं पाणी काही आठवड्यांत संपतं. आणि विहिरीला पाणी लागल्यावर टँकरचा उपयोग उरत नाही, म्हणून ही प्रतिपिंडं लशीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आतच देतात, शक्यतो पहिल्याच दिवशी.

ती देतात जखमेतच आणि जखमेभोवती, बारीक सुईनं, थोडी थोडी करून. बोटाच्या टोकाला जागा कमी असल्यामुळे ते बरंच दुखतं आणि डॉक्टर फार हळू हात चालवतात. लहान मूल असेल तर आई-वडिलांना ते बघवत नाही. पण विषाणू असेल तर तो तिथेच आहे, दंडात नाही. 'दंडातच द्या ना' अशी विनवणी करू नका. आणि कॅटेगरी तीनची जखम असताना कुणी नुसती लस देऊन घरी पाठवलं, तर 'इम्युनोग्लोब्युलिन लागेल का?' हे स्वतःहून विचारा. लस घेऊनही रेबीज झाल्याच्या ज्या दुर्मीळ घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत उपचाराला उशीर, जखम न धुणं, ही प्रतिपिंडं न मिळणं किंवा जखमेच्या काही भागात ती न पोचणं, अशी कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

## 'पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची?'

ही भीती अजून गेलेली नाही, आणि तिच्यामागे खरा इतिहास आहे. ६ जुलै १८८५ला लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस टोचवली. ती पिसाळलेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून केलेली होती. पुढे १९११ साली डेव्हिड सेंपल यांनी हिमाचलातल्या कसौलीत मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. भारतात कित्येक दशकं तीच वापरात होती. पोटावर मोठाली इंजेक्शनं, ओळीनं अनेक दिवस. त्या लशीत मेंदूच्या पेशी असल्यामुळे काही जणांना लशीमुळेच अर्धांगासारखा त्रास व्हायचा. तिची धास्ती वाटणं साहजिक होतं. पण भारतात तिचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं.

आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. मेंदूचा त्यात अंशही नसतो. मोठ्यांना ती दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. कुणी तिथे द्यायला लागलं तर थांबवा.

देण्याच्या पद्धती दोन. स्नायूत द्यायची असेल तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असा रूढ क्रम आहे; जागतिक आरोग्य संघटना आता चार डोसांचा क्रमही मान्य करते. कातडीत द्यायची असेल तर दर खेपेला दोन ठिकाणी ०.१ मिलिलिटर टोचतात, दिवस ०, ३, ७ आणि २८ला. डोस इतका थोडा पाहून काहींना फसवणूक वाटते. तसं नाही. कातडीत संरक्षण यंत्रणेच्या पेशींची दाटी असते, म्हणून थोडक्यात काम होतं. नीट टोचली की जागेवर पांढरट, बारीक खळ्यांचा फुगवटा उठतो. तो उठला नाही तर लस खोल गेली असं समजून शेजारी पुन्हा टोचतात. एकदा सुरू केलेली पद्धत शक्यतो तीच पुढे न्यावी.

'दिवस ०' म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस, कुत्रा चावला तो नव्हे. एखादी तारीख चुकली तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. जमेल तितक्या लवकर राहिलेला डोस घ्यायचा आणि तिथून पुढे क्रम चालू ठेवायचा. पण पहिले तीन डोस तरी चुकवू नका, संरक्षण उभं राहतं ते त्यांच्यावर.

गरोदरपणात, अंगावर दूध पाजत असताना, तान्ह्या बाळाला, म्हाताऱ्या माणसाला, सगळ्यांना ही लस चालते. प्राणघातक आजारापुढे टाळण्याचं कारण उरत नाही. त्यासाठी काही खास पथ्यही नाही.

## 'दहा दिवस कुत्र्याकडे बघू, मग ठरवू'

या विषयातला सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. दहा दिवसांचा नियम खरा आहे. विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तेव्हा तो आधीच मेंदूत पोचलेला असतो. लाळेत तो लक्षणांच्या फार तर काही दिवस आधीपासून दिसतो, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणजे चावल्यानंतर दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट, खातापिता असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता.

पण हा नियम लस *थांबवण्यासाठी* आहे, *पुढे ढकलण्यासाठी* नाही. आज सुरू करा, दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, तो ठीक राहिला तर डॉक्टरला विचारून उरलेले डोस थांबवा. झालेले डोस वाया जात नाहीत, शरीर ते लक्षात ठेवतं. उलट केलंत आणि सातव्या दिवशी कुत्रा मेला किंवा दिसेनासाच झाला, तर हातातला आठवडा गेला. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांच्या बाबतीत दहा दिवसांचा हिशेब चालत नाही. गल्लीतला भटका कुत्रा दहाव्या दिवशी तोच आहे, याची खात्री देणारं कुणी नसेल तर तिथेही नाही.

## 'आमचाच कुत्रा आहे', 'पिल्लूच तर आहे'

पिल्लामुळे माणसं गाफील राहतात. गोंडस असतं, खेळता खेळता दात लावतं, आपण हसतो. पण पिल्लालाही रेबीज होतो, आणि लहान असल्यामुळे त्याचं लसीकरण झालेलं असण्याची शक्यता कमीच. रस्त्यावरून, गटारातून उचलून आणलेल्या पिल्लाला तर सुरुवातीपासूनच परका प्राणी समजायला हवं.

घरच्या कुत्र्याचं वेगळं आहे, पण 'लस दिली होती' एवढ्यावर भागत नाही. कधी दिली, पुढचा डोस वेळेवर झाला का, कागद आहे का, कुत्रा बाहेर मोकळा फिरतो का? सगळी उत्तरं नीट असतील, कुत्रा निरोगी असेल आणि नजरेसमोर बांधून ठेवता येत असेल, तर डॉक्टर थांबून पाहायचा निर्णय घेऊ शकतात. तो निर्णय त्यांचा. कागद नसतील तर लस सुरू करणंच शहाणपणाचं.

कुत्र्याला डिवचलं होतं म्हणून तो चावला, त्यामुळे काळजी नको, असंही म्हणतात. डिवचल्यावर पिसाळलेला कुत्राही चावतोच.

## टिटॅनस, रक्ततपासणी आणि उशीर

'इंजेक्शन घेतलंय' असं सांगणाऱ्याला विचारा, कुठलं? पुष्कळदा ते धनुर्वाताचं, म्हणजे टिटॅनसचं असतं. जखम झाल्यावर ते दिलं जातं आणि गरजेचंही असू शकतं, पण रेबीजशी त्याचा काही संबंध नाही. चिठ्ठीवर लशीचं नाव वाचून खात्री करा.

रक्त तपासून विषाणू शिरला का हे कळतं का? नाही. लक्षणं दिसण्याआधी माणसात रेबीज ओळखणारी तपासणी नाही. म्हणूनच निर्णय तपासणीवर नाही, संपर्क कसा आला त्यावर घ्यावा लागतो.

आणि महिना उलटून गेला असेल तर? तरीही जा. उशीर म्हणजे संधी गेली असं धरू नका. विषाणू अजून वाटेत असू शकतो. जुनी घटना आज घडली असं मानूनच उपचार करतात, आणि आधी लस झालेली नसेल तर गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिनही देतात. लाजून किंवा 'डॉक्टर रागावतील' म्हणून थांबलेला एकेक दिवस मात्र खरोखर महाग पडू शकतो.

पूर्वी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर काम सोपं होतं. शरीराला ओळख असते, त्यामुळे पुन्हा प्राणी चावला तर दिवस ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कोर्स पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नसतील तर बहुतेक वेळा जखम धुण्यावरच भागतं. यासाठी लशीचं कार्ड जपून ठेवा, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. नुसत्या 'घेतली होती बहुतेक' या आठवणीवर डॉक्टर विसंबू शकत नाहीत.

## कशाची भीती नको

या आजाराची धास्ती घेऊन रात्र रात्र जागणारी माणसं असतात, त्यांची अवस्था फार वाईट असते. त्यांच्यासाठी हे तितक्याच ठामपणे सांगायला हवं. कुत्रा शेजारून गेला, त्यानं पँट हुंगली, धड हातावर चाटलं, त्याच्या अंगावरून हात फिरवला, यातून रेबीज होत नाही. जमिनीवर वाळलेल्या लाळेवर पाय पडल्यानं होत नाही. हा विषाणू उन्हात आणि कोरडेपणात टिकत नाही. कुत्रा चावलेल्या माणसाच्या शेजारी बसल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानं होत नाही. पूर्ण कोर्स वेळेवर झाला असेल तर पायाला आलेली प्रत्येक मुंगी रेबीजची नसते. अशा वेळी पुन्हा पुन्हा लस घेत राहण्यापेक्षा डॉक्टरशी एकदा निवांत बोला, आणि भीती तरीही जात नसेल तर त्या भीतीसाठीच मदत घ्या.

## मुलं सांगत नाहीत

रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यानं चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. त्यांची उंची कमी, त्यामुळे जखम चेहऱ्यावर, मानेवर, हातावर होते, म्हणजे नेमकी जास्त धोक्याच्या जागी. आणि ती घरी सांगत नाहीत. कुत्र्याच्या वाटेला जाऊ नको असं बजावलेलं असतं, मार बसेल, सुई टोचतील, या भीतीनं मूल बाही खाली ओढून गप्प बसतं.

म्हणून मुलाच्या अंगावर न सांगितलेला ओरखडा दिसला तर आवाज न चढवता विचारा, कुत्र्यानं की मांजरानं, कुठे, कधी, आणि त्याच्यासोबत कोण होतं. सोबतच्या मुलांनाही विचारा, त्यांच्यातल्या कुणाला लागलं असेल तर त्यांच्या घरी कळवा. मग मुलाला नळाशी घेऊन जा आणि घड्याळ लावा.